भागीच्या घराचं पान

डॉक्टर,

तुमच्या कागदांची पेटी न्यायला सोमवारी मुंबईहून माणूस येणार आहे. सगळं टाइप करून झालं. तक्ते क्रमाने लावले, पानांना आकडे घातले, तुमच्या अक्षरातले जे शब्द मला कधीच लागले नव्हते ते भिंगाखाली धरून लावले. एकच पान बाहेर ठेवलं आहे. भागीच्या घराचं. त्यावर तुम्ही लाल पेन्सिलीने वरपासून खालपर्यंत रेघ ओढली आहे. ते अहवालात घालायचं नाही असं तुम्ही ठरवलंत. मला ते पटलं नाही. आपला वाद अर्ध्यावर होता आणि तुम्हाला ताप भरला.

तुम्ही गेल्यावर वर्तमानपत्राने तुमच्यावर सहा ओळी छापल्या. पदव्या दिल्या, विलायतेचा उल्लेख केला, ‘फुप्फुसांच्या जुनाट विकारांची कारणे शोधण्यात हयात घालवलेले शास्त्रज्ञ’ असंही म्हटलं. त्यात चूक काही नाही. पण शहापूरला भातगिरणीच्या मागच्या दोन खोल्यांत, कोंडा उडतो म्हणून सूक्ष्मदर्शकावर आपलं उपरणं टाकून बसणारे तुम्ही त्या सहा ओळींत नाही.

हे मी मराठीत लिहिते आहे. माझी शाळा इंग्रजी, हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत. अहवालाचा प्रत्येक भाग टाइप करण्याआधी तुम्ही मला तो तोंडी मराठीत सांगायला लावायचात. “भागीला समजेल असं सांगा, नलिनीबाई. नाही सांगता आलं तर आपल्यालाच समजलेलं नाही असं धरायचं.” मी अडखळायचे. तुम्ही वाट बघायचात. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबणारा माणूस मला तुमच्याआधी भेटला नव्हता. घरी वडीलसुद्धा माझं वाक्य अर्ध्यात उचलून स्वतः पुरं करतात.

मी तुमच्याकडे आले ती युद्धामुळे. मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून आमचं वसतिगृह रिकामं झालं आणि मी शहापूरला वडिलांकडे परत आले. ते जंगलखात्यात. तुम्हाला टाइप करणारं माणूस हवं होतं, आणि पाड्यांवरच्या बायका परक्या पुरुषापुढे छाती मोजायच्या यंत्रात फुंकत नाहीत, म्हणून ते माणूस बाई असेल तर बरं, असं तुम्ही वडिलांना म्हणालात. मला समोर बसवून तुम्ही विचारलंत, “दहा बायकांमध्ये बसून गप्प राहता येतं का?”

मी काही बोलले नाही.

“नेमणूक झाली,” तुम्ही म्हणालात आणि मोठ्याने हसलात. मीही हसले असावे. आज त्या विनोदाकडे माझ्याने बघवत नाही.

तेव्हा तुमचा सगळा रोख कोळशाच्या भट्ट्यांवर होता. आधीची कित्येक वर्षं तुम्ही कापडगिरण्यांतल्या कामगारांची छाती तपासली होती. तिथे कापसाचं तूस, तर इथे कोळशाची भुकटी, असा तुमचा विचार. पेट्रोल मिळेनासं झालं होतं. मुरबाडची मोटारही पाठीला कोळशाची भट्टी लावून धूर ओकत चालायची. त्यामुळे जंगलात जिकडेतिकडे लाकूड जाळून कोळसा पाडणं चालू होतं. पाड्यांवर माणसं वर्षानुवर्षं खोकत होती आणि दवाखान्यात त्या सगळ्यांच्या नावापुढे ‘क्षय’ लिहिलं जात होतं. तुम्ही त्यांचा बेडका भिंगाखाली घेतलात. बहुतेकांत क्षयाचे जंतू नव्हते. “खोकला दिसला की क्षय लिहायचं, म्हणजे पुढे विचार करायला नको,” तुम्ही म्हणायचात.

भागी आपल्याला पहिल्याच हिवाळ्यात भेटली. मुरबाडच्या वाटेवर, डोंगराच्या उताराला तो पाडा. भागी तिशीची असेल, पण उंबऱ्यातून उठून पाण्याच्या हंड्यापर्यंत गेली की दाराला धरून उभी राहायची. बैलगाडीतून आणलेलं आपलं यंत्र मी आत चुलीपाशी मांडलं. पाण्यात पालथा घातलेला पत्र्याचा डबा, त्याला रबरी नळी. नळीत फुंकलं की डबा वर उचलतो; किती उचलला ते पट्टीवर वाचायचं. भागीची सासू, ठकू म्हातारी, हे सगळं बघत होती.

“याच्यात काय शिजतं गो?”

“काही नाही, आजी. यात फुंकायचं. छातीत वारा किती आहे ते कळतं.”

म्हातारीने चुलीजवळची फुंकणी उचलून माझ्या नाकासमोर धरली. “अख्खा जन्म हिच्यात फुंकन्यात गेला. आता डाक्तर पन फुंकाच म्हनतो. आमच्या नशिबाला फुंकन्याबिगर काय हायच नाय का?”

भागी हसली, आणि त्या हसण्याने तिला जी ढास लागली ती थांबेपर्यंत मला पट्टी वाचता आली नाही. नंतर तिने फुंकलं. डबा जेमतेम हलला.

तुम्ही बाहेर ओटीवर भागीच्या नवऱ्याला, देवजीला, प्रश्न विचारत होतात. बायको भट्टीवर जाते का? “जाते ना,” देवजी म्हणाला. मी आतून ऐकलं आणि भागीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मी तुमच्या सूचनेप्रमाणे रकान्यात ‘होय’ लिहिलं.

भागी भट्टीवर कधीच गेली नव्हती. माणसं जंगलात गेली की मागे पोरांना, म्हातारीला आणि गुरांना बघायला कोणीतरी लागतं. त्या घरात ते भागीने केलं, लग्न झाल्या दिवसापासून. ठेकेदार भट्टीवर नवराबायकोची जोडीच लावतो. बायको येत नाही असं कळलं तर जोडी मोडेल म्हणून बाप्ये सरसकट ‘जाते’ म्हणायचे. भागीच्या बदली देवजीची बहीण जायची. मला हे आत बसून कळलं, आणि भागीसारख्या आणखी बायका आहेत हेही कळलं. भट्टी पाहिलेली नाही, छाती मात्र गेलेली.

तोंडाने सांगायचं मला जमलं नाही. मी चिठ्ठी लिहिली आणि तुमच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती हातात धरून माझ्या टेबलाशी आलात. मला वाटलं, नोकरी गेली.

“हे खरं असेल तर माझा सहा महिन्यांचा तक्ता चुलीत घालायच्या लायकीचा आहे,” तुम्ही म्हणालात. “खरं आहे का?”

मी मान डोलावली.

“मग चिठ्ठी कशाला? माझं चुकलं हे मला चिठ्ठीने कळवायचं नाही. समोर उभं राहून सांगायचं. मी ओरडेन. ओरडू द्यायचं.”

आणि तुम्ही पुढल्याच खेपेला भागीच्या घरात आत जाऊन बसलात. देवजी गोंधळला. म्हातारीने कपाळाला हात लावला. “डाक्तर चुलीपाशी! आता काय भाकऱ्या थापतो का?”

“तुम्ही थापा. मी नुसता बसतो,” तुम्ही म्हणालात.

ओली लाकडं, कारवीच्या कुडाच्या बंद भिंती, वर गवताचं छप्पर, खिडकी नाही. धूर छपराला लागून खाली उतरत होता आणि आपल्या डोक्याशी येऊन थांबत होता. नाचणीच्या भाकऱ्या पुऱ्या होईस्तोवर तुम्ही हटला नाहीत. बाहेर आलात तेव्हा तुमचे डोळे लाल झाले होते आणि तुम्ही गाडीच्या जुवाला धरून खोकत होतात. खोकला थांबल्यावर पहिलं वाक्य मला म्हणालात, “मी गिरण्या हिंडलो, भट्ट्या हिंडलो. माझी आई अशाच चुलीपाशी खोकत मेली, आणि माझ्या एकदाही डोक्यात आलं नाही.”

तुमच्या आईबद्दल तुम्ही मला सांगितलेलं एवढंच.

त्यानंतरचे दिवस माझ्या आठवणीत सर्वांत उजेडाचे आहेत, म्हणून ते लिहिताना मला जास्त जड जातं. भातकापणी उरकली होती. धूर बाहेर काढला तर भागीची छाती सुधारते का, हे पाहायचं तुम्ही ठरवलंत. एक घर, एक हिवाळा आणि उन्हाळा, दर महिन्याला एकदा डबा. देवजीला तुम्ही विचारलंत, आणि तो तयार झाला. त्याला बायको जगायला हवी होती. तुम्ही स्वतः छपरावर चढलात. रॉकेलचा डबा कापून त्याच्या पत्र्याची टोपी केली होती. चुलीच्या बरोबर वर गवत बाजूला करून तुम्ही भोक पाडलंत, त्यावर बांबूच्या कामट्यांवर ती टोपी बसवली, आणि वरून ओरडलात, “नलिनीबाई, पेटवायला सांगा!”

भागीने चूल पेटवली. धूर सरळ वर गेला. आत बसलेल्या आम्हाला पहिल्यांदाच घराची मागची भिंत दिसली.

पुढे दर महिन्याला भागीचा डबा थोडा थोडा वर येत गेला. फार नाही. पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा वर. माघात ती हंडा घेऊन न थांबता ओटीपर्यंत आली. शिमग्याला तिने मला सांगितलं, “बाय, आता आडवं पडून झोपते. आधी भिताडाला टेकून बसायची.” मी हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही वही मिटलीत आणि गिरणीच्या अंगणात जाऊन एकटेच फेऱ्या मारत राहिलात.

मग पेरणीचे दिवस आले. रोपांसाठीचे राब भाजून तयार होते. देवजीने बियाण्याचा मुडा सोडला. हा मुडा म्हणजे पेंढ्यात घट्ट आवळून बांधलेलं बियाण्याचं भात, ते चुलीवरच्या माळ्यावर टांगलेलं असतं. आपण त्या दिवशी नेमके तिथे होतो. त्याने दोरी कापली आणि मुड्यातून करड्या पाकोळ्या उडाल्या. एक नाही, दोन नाही, ओंजळीओंजळीने. त्याने हात घातला तर हातात भाताची फोलं आली. दाण्यादाण्याला बारीक भोक, आत काही नाही. शेजारचा नाचणीच्या कणसांचा जुडगा झाडला तर पीठ पडलं.

देवजीने छपराच्या भोकाकडे पाहिलं. मग तुम्ही पाहिलंत.

पिढ्यान्‌पिढ्या ते बियाणं धुराने राखलं होतं. पाड्यावरच्या पोरांनाही हे माहीत होतं. म्हणून तर माळा चुलीवर असतो. आपण भागीच्या छातीतून धूर काढला आणि तो बियाण्यावरूनही निघून गेला.

तुम्ही दुसऱ्या दिवशी मुरबाडच्या बाजारातून बियाण्याचं पोतं आणलंत. त्या टंचाईत ते कसं मिळवलंत ते मी विचारलं नाही. देवजीने पोत्यात हात घातला, चार दाणे दाताखाली चावून पाहिले आणि पोतं हळूच तुमच्याकडे परत सरकवलं. “ह्ये गरवं हाय, डाक्तर. ह्याला दिवाळीपर्यंत पानी लागतं. आमचा माळ दसऱ्यालाच सुकतो. आमाला हळवं लागतं.” तो रागावला नव्हता. रागावला असता तर तुम्हाला सोपं गेलं असतं.

हळवं बियाणं शेवटी भागीनेच आणलं, डोळखांबकडच्या तिच्या माहेराहून. डोंगर चढून गेली, भावाकडे मागितलं, आणि टोपली डोक्यावर घेऊन डोंगर उतरून आली. म्हातारी तिला सगळ्यांदेखत म्हणाली, “पेरायचं बी माहेराहून आनायची पाळी आनलीस. सासरची इज्जत डाक्तरच्या भोकातून गेली.” भागीने टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मला तिच्या नजरेचा अर्थ कळायला वेळ लागला. ती डोंगर चढून गेली होती. सहा महिन्यांपूर्वी तिला उंबरा ओलांडवत नव्हता.

त्याच दिवशी देवजीने छपराचं भोक गवताने बुजवलं. पत्र्याची टोपी म्हातारीने कोंबड्यांना पाणी ठेवायला घेतली.

पुढच्या हिवाळ्यात भागीचा डबा पुन्हा खाली उतरला.

आपला वाद इथून सुरू झाला, डॉक्टर. तुमचा अहवाल दुसऱ्या घरांवर, दुसऱ्या तक्त्यांवर उभा राहिला. कोणत्या बायका चुलीपाशी किती असतात, कोणाची छाती किती, हे सगळं आपण नव्याने, बायकांनाच विचारून लिहिलं. ते काम चोख आहे. पण धूर काढला तर छाती सुधारते, हे दाखवणारं घर एकच आहे. ते पान काढून टाकलं तर मुंबईचे लोक म्हणतील, खोकणाऱ्या बायका चुलीपाशी बसतात, एवढंच दिसतं. चुलीमुळे खोकतात कशावरून? मी हे तुम्हाला समोर उभं राहून सांगितलं. चिठ्ठी लिहिली नाही.

“एका घरावरून सिद्धान्त होत नाही,” तुम्ही म्हणालात.

“तुम्ही कापडगिरणीतल्या एका कामगारावर अख्खं प्रकरण लिहिलं आहे.”

“त्या कामगाराचं मी काही बिघडवलं नव्हतं.”

“पण आकडे खरे आहेत.”

“आकडे खरे आहेत!” तुम्ही ओरडलात. मी ओरडू दिलं. “त्या माणसाचं बी मी किड्यांना घातलं, त्याच्या बायकोला दारोदार मागायला लावलं, आणि वर त्याचा तक्ता करून माझ्या नावाने छापू? आकडे खरे आहेत म्हणे!” मग खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणालात, “मी भोक पाडलं तेव्हा तिथे इतकी माणसं उभी होती. कुणी एक शब्द बोललं असतं, नलिनीबाई. एक शब्द.”

हे वाक्य तुम्ही नंतरही बोलायचात. लिहिता लिहिता मध्येच. गाडीत. शेवटच्या तापातही. जावा बेट जपान्यांच्या हाती गेल्यापासून क्विनाइन मिळत नव्हतं, मी तुमच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, दुपारची गिरणी चालू होती, आणि तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “कुणी सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, डॉक्टरला माहीत असेल.”

डॉक्टर, सांगितलं होतं.

तुम्ही छपरावर होतात. कामट्या बांधत होतात आणि कुठलंसं नाट्यपद गुणगुणत होतात. ठकू म्हातारी माझा दंड धरून म्हणाली, “बाय, धूर गेला तं बियाला कोन राखील? डाक्तरला सांग.” स्पष्ट म्हणाली. दोनदा म्हणाली. तुम्ही छपरावर, ती घरात. ती तुमच्याशी थेट बोलणार नव्हती, म्हणून तर मी तिथे होते.

मी हो म्हणाले आणि सांगितलं नाही.

का, याचं उत्तर मी रोज वेगळं देते. म्हातारी सकाळपासून कुरकुरत होती, ही आणखी एक कुरकुर वाटली. धुराने बियाणं राहतं, हे मला देवदेवस्कीच्या जातीचं वाटलं. माझ्या शाळेतल्या शास्त्राच्या पुस्तकात ते नव्हतं. तुम्ही इतके आनंदात होतात की मध्येच थांबवायला माझी जीभ उचलेना. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही पुरत नाही. पाकोळ्या उडाल्या तेव्हा म्हातारीने तुमच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. तुम्हाला वाटलं ती रडते आहे म्हणून मी तिच्यापाशी गेले. मी तिच्यापाशी गेले ते तिने बोलू नये म्हणून.

ती बोलली नाही. का ते मला माहीत नाही. त्यानंतर तुम्ही वर्षभर ते सगळं एकट्याच्या डोक्यावर वाहिलंत आणि मी शेजारच्या टेबलावर टाइप करत राहिले. तापात तुम्ही ते वाक्य बोललात तेव्हा मी तोंड उघडलं होतं. “डॉक्टर,” एवढं म्हणाले. तुम्ही “हं” म्हणालात. मी पट्टी बदलली.

काल मी ते पान घेऊन पाड्यावर गेले. बैलगाडीने, एकटी. वडिलांना आवडलं नाही. भागी ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. म्हातारीने मला पाणी दिलं, बस म्हणाली नाही. मी बसले आणि पान मराठीत वाचून दाखवलं. महिन्यामागून महिने भागीचा डबा कसा वर आला, मग बियाणं, मग गवत, मग डबा कसा खाली आला. तुम्ही सांगायचात तसं सांगितलं. दोनदा अडखळले.

“हे छापायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले होते,” मी म्हणाले. “त्यांना तुमच्यापुढे लाज वाटत होती. पण त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. आजी, तुम्ही मला सांगितलं होतंत, ते मी त्यांना सांगितलं नाही.”

म्हातारी माझ्यासमोर येऊन बसली.

“म्हंजे त्याला ठावंच नव्हतं?”

“नव्हतं.”

“मी समजली, डाक्तरने ऐकलं नि सोडून दिलं. म्हातारीचं कोन ऐकतो, म्हनून मी पन गप ऱ्हायली.” ती उठली. “त्या मानसाला मी वरीसभर मनात शिव्या देल्या गो! आनि तू चहा पीत बसायचीस माझ्या घरात!”

“आत्ये, पुरे,” भागी म्हणाली.

“पुरे काय? एवढं इंग्रजी शिकली, एक निरोप देता येत नाय?” ती आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

भागीने पान मागून घेतलं. तिला वाचता येत नाही. तिने त्यावरून बोट फिरवलं आणि लाल रेघेपाशी थांबली.

“ही कशाला?”

“हे नको, अशी खूण आहे.”

“माझं नको?” थोडं थांबून तिने श्वास घेतला. तिला आता दोन वाक्यांमध्ये थांबावं लागतं. “चार म्हैने मी आडवी झोपली. डोंगर चढली. त्ये झालं नाय, असं म्हनतो का डाक्तर?”

“नाही. झालं असंच म्हणत होते. पण बियाणं गेलं म्हणून...”

“मंग बी गेलं त्ये पन लिव. दोन्ही लिव.” पुन्हा श्वास. “नुसती माझी छाती लिवशील तं उद्या दुसरा डाक्तर यील. दुसरीचं छप्पर फोडील. तिचं बी जाईल. तिचं माहेर जवळ नसलं तं?”

मी पान परत घेतलं. ती म्हणाली, “आनि म्हातारीनं सांगितलं व्हतं, त्ये लिव. तिला बरं वाटंल. आता रागाची हाय, पन वाटंल.”

“आणि मी निरोप दिला नाही, ते?”

भागी माझ्याकडे बघून थोडीशी हसली. खोकला येईल म्हणून हसू अर्ध्यावर धरलं. “त्ये तुझं तू बघ, बाय.”

डॉक्टर, आज सकाळी मी ते पान पुन्हा टाइप केलं. आकडे तुमचे आहेत, एकही बदललेला नाही. त्याखाली बियाण्याची हकीकत घातली आहे, आणि धुराची वाट काढण्याआधी बियाण्याची दुसरी सोय करावी, हे वाक्य. घरातल्या वृद्ध स्त्रीने धोक्याची सूचना आधीच दिली होती. ती सहायकाने संशोधकाला कळवली नाही. संशोधकाला अखेरपर्यंत त्याची माहिती नव्हती, हे लिहिलं आहे. सहायकाच्या जागी माझं नाव घातलं आहे. पेटी न्यायला येणारा माणूस वाचेल, मुंबईत लोक वाचतील, वडीलही कधीतरी वाचतील.

तुमच्या मर्जीविरुद्ध मी हे करते आहे. भेटायला येणारे लोक म्हणतात, डॉक्टर मोठ्या मनाचे होते. माझ्याही ओठांवर येतं की तुम्ही समजून घेतलं असतंत. पण ते मला माहीत नाही. तुम्ही भयंकर रागावला असतात हेही शक्य आहे; मला गाडीतून उतरवून दिलं असतंत, पुन्हा तोंड पाहिलं नसतंत. तुम्हाला रागावण्याचा हक्क होता आणि तो मी तुमच्या पट्ट्या बदलत बदलत तुमच्याकडून काढून घेतला. तेव्हा तुमच्या वतीने मी स्वतःला क्षमा करणार नाही. तुम्ही काय म्हणाला असतात ती जागा रिकामी आहे, आणि ती रिकामीच ठेवून मी सोमवारी पेटी देणार आहे.

— नलिनी